मोळी किती तासांची? ऊसतोड ते गव्हाण या प्रक्रियेचे निर्देशक ठरवताना

रोज ५,००० टन गाळप करणारा एक सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. जानेवारीचा मध्य, हंगाम भरात. सकाळच्या अहवालात एक ओळ ठरलेली असते: 'वाहनाचा सरासरी थांबा : ४० मिनिटं'. त्याच सकाळी ६ वाजता केनयार्डात, म्हणजे कारखान्याच्या आवारातल्या उसाच्या गाड्यांच्या तळावर, २,००० टन ऊस भरून गाड्या उभ्या आहेत, रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली आहे आणि गव्हाणीजवळ (ऊस गिरणीत नेणाऱ्या पट्ट्याजवळ) वाळल्या मोळ्यांचा आंबूस वास येतो आहे. सभासद म्हणतात ऊस वाळतोय, अहवाल म्हणतो ४० मिनिटं. दोन्ही खरं आहे. पुढचं सगळं प्रकरण हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं याचं आहे. (टनांचे आणि तासांचे आकडे हिशोब उलगडावा म्हणून घेतले आहेत, ते कोणत्या एका कारखान्याचे नाहीत. कायद्याचे आणि दरांचे आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.)

४० मिनिटं आली कुठून? गाडी यार्डात आली की नंबरटेकर तिला नंबर देतो. पाळी आली की गाडी भरल्या काट्यावर जाते, तिथून गव्हाणीवर, ऊस उतरला की रिकाम्या काट्यावर. संगणक फक्त काट्याला जोडलेला आहे. म्हणून भरलं वजन आणि रिकामं वजन या दोन नोंदींमधलं अंतर आपोआप निघतं आणि त्यालाच 'थांबा' हे नाव मिळालं आहे. खरा थांबा काट्याच्या अलीकडे आहे आणि तिथे घड्याळच नाही. निर्देशक चुकतो तो बहुतेक वेळा इथेच: काय महत्त्वाचं आहे ते आधी न ठरवता, जी नोंद आयती मिळते तिलाच निर्देशक म्हटलं जातं.

यार्डाच्या बाबतीत ही चूक पकडायला नवं यंत्र लागत नाही. रांगशास्त्रातला लिटल यांचा नियम पुरतो: रांगेत सरासरी जितका माल आहे, त्याला माल पुढे जाण्याच्या वेगाने भागलं की सरासरी थांबा मिळतो. ५,००० टन भागिले २४ म्हणजे ताशी सुमारे २०८ टन. दिवसभराची सरासरी शिल्लक २,००० टन धरली तर २,००० भागिले २०८ म्हणजे साडेनऊ तासांहून थोडं जास्त. यार्डातली शिल्लक आणि गाळपाचा वेग हे दोन्ही आकडे रोज अहवालात असतातच. त्यांचा भागाकार साडेनऊ तास सांगतो आणि शेजारची ओळ ४० मिनिटं सांगते, तर ती ओळ कशाची आहे हे विचारायलाच हवं.

आता एक तोडणी चिठ्ठी, म्हणजे कारखान्याने एका शेतकऱ्याच्या ऊसतोडीला दिलेली परवानगी, जवळून पाहू. सहा कोयत्यांची टोळी, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, माल १८ टन. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुधा नवरा-बायको, आणि दिवसाला दीड ते दोन टन तोड. सहा कोयत्यांची दिवसाची तोड साधारण साडेदहा टन, म्हणजे १८ टनांना पावणेदोन दिवस. पहिल्या दिवशी सकाळी ७ ला तोड सुरू. दुसऱ्या दिवशी ११ ला गाडी भरली. दुपारी दीडला यार्डात नंबर. रात्री ११:१० ला भरला काटा, ११:५० ला रिकामा. फडात २८ तास, रस्त्यात अडीच तास, यार्डात ९ तास ४० मिनिटं आणि काटा ते काटा ४० मिनिटं. एकूण ४० तास ५० मिनिटं. अहवालाने मोजली ती शेवटची ४० मिनिटं.

या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट दिसते. सगळे बोट दाखवतात यार्डाकडे, पण सर्वांत मोठा तुकडा फडातला आहे. आणि तो टोळीच्या आळसामुळे नाही: सहा कोयत्यांना १८ टनांचं वाहन जोडून दिलं, तर पहिल्या दिवशीची मोळी रात्रभर पडून राहणारच. हे ठरतं हंगामाआधी, टोळी आणि वाहनाचे करार होतात तेव्हा.

तासांची एवढी काळजी कशाला? ऊस तोडला की त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करू लागतं. या साखरा पॅनमध्ये दाणा धरत नाहीत, त्या मळीत जातात, आणि जाताना थोडी चांगली साखरही सोबत नेतात. कापलेल्या टोकांमधून ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान तयार करतात. त्याने रस चिकट होतो, निवळणं आणि उकळणं मंदावतं, दाणा लांबट होतो. उन्हाळ्यात हे सगळं वेगाने घडतं. जळिताच्या उसात आणि हार्वेस्टरने तोडलेल्या तुकड्यांत आणखी वेगाने, तुकड्यांत तर उघडी टोकंही जास्त. उताऱ्यात (उसाच्या वजनामागे मिळणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत) ०.१ टक्का बिंदूची घट म्हणजे ५,००० टनांमागे ५ टन साखर. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दरानेही दिवसाला १ लाख ५५ हजार रुपये.

हे झालं कारखान्याचं नुकसान. शेतकऱ्याचं वेगळं आहे आणि ते कुठल्याच अहवालात नाही. भरलं वजन रांग संपल्यावर होतं, म्हणजे रांगेत आणि फडात उडालेलं पाणी वजनातून आधीच वजा झालेलं असतं. समजा १८ टनांच्या खेपेत २ टक्के वजन घटलं, तर ३६० किलो गेले. २०२४-२५ हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. त्या दराने तोडणी-वाहतूक वजा करण्याआधी १,२२४ रुपये. टोळीची मजुरी आणि वाहतूकदाराचं भाडंही टनावरच, त्यामुळे तेही त्या प्रमाणात कमी. काट्यापासून घड्याळ सुरू केलं की या तिघांचं नुकसान कागदावर शून्य होतं. म्हणून सुरुवातीचा क्षण निवडणं हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

प्रक्रियेचं चित्र

निर्देशक ठरवण्याआधी प्रक्रिया कागदावर यायला हवी. बीपीएमएन ही प्रक्रियेचं चित्र काढण्याची खूणपद्धत त्यासाठी सोयीची आहे: प्रत्येक जबाबदार घटकाला एक पट्टा, कामांना चौकट, घटनांना वर्तुळ. आपले पट्टे पाच: शेतकी खातं, टोळी व वाहतूकदार, केनयार्ड, गाळप विभाग, लेखा विभाग. घटना सात: चिठ्ठी दिली, तोड सुरू झाली, गाडी भरली, यार्डात नंबर मिळाला, भरला काटा, रिकामा काटा, बिल जमा. बीपीएमएनमध्ये निर्देशकासाठी स्वतःची खूण नाही. ही उणीव भरून काढायला स्पेनमधल्या सेविल विद्यापीठातल्या संशोधकांनी 'पीपीआयनॉट' नावाची मांडणी केली. तिचा गाभा आपल्या कामाला नेमका बसतो: प्रत्येक मोजमाप चित्रातल्या ठरावीक घटनेला किंवा कामाला बांधायचं, आणि एका खेपेचं मूळ मोजमाप, अनेक खेपांचं एकत्रित मोजमाप आणि दोन मोजमापांवरून काढलेलं तिसरं मोजमाप हे तीन थर वेगळे ठेवायचे. 'सरासरी थांबा' या दोन शब्दांत यातले पहिले दोन थर आणि दोन न सांगितलेल्या घटना दडल्या होत्या.

मुख्य निर्देशकाचं कार्ड असं भरता येईल:

नाव : तोड ते गव्हाण, २४ तासांच्या आतला ऊस
एकक : एक तोडणी चिठ्ठी
सुरुवात : पहिली तोड (चिटबॉय, म्हणजे फडावर नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस, याची नोंद; तारीख आणि वेळ दोन्ही)
शेवट : त्या चिठ्ठीचा रिकामा काटा
मूळ मोजमाप : शेवट वजा सुरुवात, तासांत
एकत्रित मोजमाप : दिवसभरात गाळलेल्या टनांपैकी २४ तास किंवा कमी वयाचा ऊस, टक्क्यांत
व्याप्ती : कोयत्याने तोडलेला, न जळालेला ऊस, जळीत आणि हार्वेस्टरचा ऊस वेगळ्या कार्डावर, कमी तासांच्या मर्यादेसह
लक्ष्य : तीन आठवडे नुसतं मोजल्यावर ठरवायचं, मार्चपासून मर्यादा १८ तास
जबाबदार : यार्डात नंबर मिळेपर्यंत मुख्य शेतकी अधिकारी, पुढे गाळप विभागप्रमुख
कळवायचं : कार्यकारी संचालक, गट कार्यालयं; दर आठवड्याला सभासदांसाठी फलकावर

यातल्या प्रत्येक ओळीमागे एक निवड आहे. काहींची कारणं सांगायला हवीत.

पहिली तोड की शेवटची? वरच्या खेपेत पहिली मोळी जवळपास ४१ तासांची आहे, शेवटची जेमतेम १३ तासांची. मध्य काढला तर २७ येतो आणि चित्र सौम्य दिसतं. पण डेक्स्ट्रान सर्वांत जुन्या मोळीत तयार होतं आणि पूर्ण रसात मिसळतं. म्हणून पहिली तोड. 'गाडी भरली' ही वेळ वेगळी लिहायचीच, नाहीतर फडाचा आणि रस्त्याचा तुकडा सुटा करता येणार नाही.

टन की गाड्या? समजा ४० बैलगाड्यांमधला प्रत्येकी अडीच टन ऊस १० तासांत आला आणि १० ट्रॅक्टरमधला प्रत्येकी १८ टन ३० तासांत. गाड्या मोजल्या तर ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के वेळेत. टन मोजले तर २८० पैकी १००, म्हणजे ३६ टक्के. गिरणीत गाड्या जात नाहीत, टन जातात. गाड्यांच्या मोजणीत बैलगाडीवाल्यांच्या चपळाईच्या आडोशाला ट्रॅक्टरचा उशीर लपतो.

सरासरी का नाही? नऊ खेपा १६ तासांच्या आणि एक ६६ तासांची असेल तर सरासरी २१ येते, म्हणजे मर्यादेच्या आत. ज्याचा ऊस तीन दिवस पडला तो या सरासरीत नाहीसा होतो. टक्केवारीत तो दिसतो. सोबत तासांच्या चढत्या क्रमाने शंभरातली नव्वदावी खेप किती तासांची आणि सर्वांत जुनी खेप कोणत्या गटातली, हे दोन आकडे जोडले की अहवाल पुरेसा बोलका होतो.

गिरणी बंद होती ते तास वजा करायचे का? गाळप विभाग हा प्रश्न नक्की काढेल. उत्तर नाही. गिरणी बंद असताना ऊस वाळायचा थांबत नाही. बंदचे तास कारण म्हणून शेजारच्या रकान्यात लिहावेत, मुख्य आकडा तसाच ठेवावा.

नोंद कुठे बिघडते

पहिला बिघाड: चिटबॉय संध्याकाळी बसून दिवसभराच्या वेळा आठवणीने लिहितो. ओळखायचं कसं? ७:००, ७:३०, ८:०० अशा पूर्ण आणि अर्ध्या तासांच्या नोंदी मोजाव्यात. मिनिटांची नोंद खरोखर होत असेल, तर त्या ६० मध्ये दोनच्या आसपास असायला हव्यात. निम्म्याहून जास्त निघाल्या तर त्या गटाच्या वेळा अंदाजाच्या आहेत. मोबाइलवर बटण दाबून नोंद घेणं चांगलं, पण फडात रेंज नसते. ॲपने दाबलेल्या क्षणाची वेळ फोनमध्येच साठवायला हवी. रेंज आल्यावरची वेळ पडली, तर सगळी तोड गावच्या नाक्यावर झाल्यासारखी दिसेल.

दुसरा: एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत दोन शेतकऱ्यांचा ऊस असू शकतो. वाहन क्रमांकावर जुळणी केली की एकाची तोड दुसऱ्याच्या काट्याला जोडली जाते. जुळणी चिठ्ठी क्रमांकावरच हवी, आणि नंबरटेकरने नंबर देताना तो क्रमांक टिपलाच पाहिजे.

तिसरा: चिठ्ठीवर वेळ आहे, तारीख नाही. रात्री ११ ला भरलेली गाडी पहाटे २ ला आली की वजाबाकी उणे येते. बऱ्याचदा असे उणे आकडे 'चुकीची नोंद' म्हणून गाळले जातात, आणि रात्रीच्या खेपा, म्हणजे नेमक्या रखडलेल्या, हिशोबातून जातात.

चौथा जास्त फसवा आहे. निर्देशक फक्त रिकामा काटा झालेल्या खेपा मोजतो. ज्या दिवशी गिरणी सहा तास बंद पडते, त्या दिवशी अडकलेल्या गाड्या पूर्णच होत नाहीत, त्यामुळे आकडा बरा दिसतो. त्याचा भार पडतो पुढच्या दोन दिवसांवर, जेव्हा सगळे झटून काम करत असतात. यावर उपाय म्हणून यार्डात उभ्या, न संपलेल्या खेपांचं वय ठरलेल्या वेळी वेगळं मोजायचं.

पाचवा: लक्ष्य लागलं की वेळा सरकतात. तोड ७ ला सुरू झाली असली तरी दुपारचे १२ लिहिले जातात. याला दमदाटीचा उपाय चालत नाही, गणिताचा चालतो. सहा कोयते चार तासांत १८ टन तोडू शकत नाहीत. चिठ्ठीवर कोयत्यांची संख्या असेल, तर टन भागिले कोयते भागिले तास हा आकडा काढून अशक्य नोंदी बाजूला घेता येतात. आणि चिटबॉयच्या पगाराला हा निर्देशक कधीही जोडू नये. वाहन कधी येणार हे त्याच्या हातात नाही.

उलट बाजूचा निर्देशक

तोड ते गव्हाण एकटंच ठेवलं, तर शेतकी खातं चिठ्ठ्या आखडेल, यार्ड रिकामं होईल आणि पहाटे गिरणी 'ऊस नाही' म्हणून थांबेल. म्हणून 'ऊस नाही' कारणाचे बंद तास हा दुसरा निर्देशक त्याच पानावर हवा. एक सुधारला आणि दुसरा बिघडला, तर सुधारणा झालेली नाही.

या दोहोंमधला समतोल यार्डाच्या शिल्लकेवर ठरतो, आणि इथे वेळेचा उल्लेख नसलेला आकडा निरुपयोगी आहे. रात्री १० ते सकाळी ६ गाड्या जवळपास येत नाहीत असं धरा. आठ तास गुणिले २०८ म्हणजे १,६६४ टन रात्रीच्या गाळपाला लागणार. रात्री १० ला यार्डात २,००० टन असणं हे उत्तम नियोजन आहे. सकाळी ६ ला २,००० टन असणं म्हणजे रात्री ३,६०० टनांहून जास्त ऊस होता आणि त्यातला मोठा भाग कालचा आहे. म्हणून शिल्लक दोन वेळांना: रात्री १० ला १,७०० ते २,००० टन, सकाळी ६ ला ४०० टनांच्या आत.

ही शिल्लक आवरायची कळ शेतकी खात्याच्या हातात आहे: रोजच्या तोडणी चिठ्ठ्या. रात्री गिरणी सहा तास बंद पडली, की १,२५० टनांची तोड पुढे ढकलायला हवी. पण टोळ्या उजाडताच फडात असतात. बंदचा निरोप चिटबॉयपर्यंत सकाळी ८ ला पोचला तर कोयते चाललेले असतात. त्यामुळे 'बंद झाल्यापासून गट कार्यालयात निरोप पोचेपर्यंतची मिनिटं' हा छोटा निर्देशक मोठ्या निर्देशकाइतकाच कामाचा आहे, आणि तो सुधारायला एक फोन पुरतो. दुसरीकडे, १,२५० टनांची तोड एकाच दिवसात कमी करायची म्हणजे सातशेच्या वर कोयत्यांचा दिवसभराचा रोज बुडवायचा. ते टाळावं. ही घट तीन दिवसांत विभागावी आणि पहिल्या दिवशी नव्या तोडीऐवजी पडलेल्या मोळ्या भरून घ्याव्यात.

उताऱ्याशी सांगड घालताना घाई करू नये. उतारा हंगामाच्या सुरुवातीला कमी असतो, थंडीत चढतो, शेवटी उतरतो. तास घटले आणि उतारा वाढला, हे डिसेंबरात आपोआपही घडतं. बी-हेवी मळी (बरीच साखर शिल्लक असलेली मळी) किंवा रस इथेनॉलकडे वळवला, तर कागदावरचा उतारा तेवढा खाली दिसतो. वळवलेली साखर मिळवल्याशिवाय तुलना फोल. खात्रीचा मार्ग असा: एकाच प्लॉटमधला, एकाच जातीचा, समजा को ८६०३२ चा ऊस १२, २४, ३६ आणि ४८ तासांनी गाळून प्रयोगशाळेत रसाची शुद्धता तपासायची. महिन्यातून दोनदा, थंडीतही आणि उन्हाळ्यातही. त्यावरून २४ आणि १८ या मर्यादा आपल्या भागाला लागू आहेत का ते कळेल, आणि नसतील तर बदलाव्यात.

लेखा विभागाच्या पट्ट्यातही घड्याळाची तीच गफलत सापडते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. पण बिलं पंधरवड्याची निघतात, आणि 'बिल १४ दिवसांत' हा निर्देशक पंधरवडा संपल्यापासून मोजला की १ तारखेच्या उसाचे पैसे २९ तारखेला जमा होऊनही वेळेत धरले जातात. प्रत्यक्षात २८ दिवस झाले, म्हणजे १४ दिवस उशीर. टनामागे ३,००० रुपये देणं असेल, तर या १४ दिवसांचं व्याज टनाला १७ रुपये, १८ टनांच्या एका खेपेला सुमारे ३११ रुपये. इथे सुरुवातीच्या क्षणासाठी नवी नोंदही लागत नाही. रिकाम्या काट्याची तारीख संगणकात आहेच, तिथून मोजायला सुरुवात करायची.